कॉर्डमधला सोडलेला स्वर

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच वर्षं गिटार वाजवतो, ओपन कॉर्ड आणि बार कॉर्ड स्वच्छ लागतात, मित्रमंडळींत मराठी-हिंदी गाण्यांना साथ करतो. कॉर्ड बरोबर असतात, तरी गाणं रेकॉर्डवरच्यासारखं उभं राहत नाही, सगळी गाणी एकाच साच्यातली वाटतात. मोठ्या गिटारिस्टांना ऐकून व्हॉइसिंग (कॉर्डचे कोणते स्वर, कोणत्या तारांवर घ्यायचे) आणि अरेंजमेंट (कोणतं वाद्य कधी, कुठे वाजेल याची बांधणी) शिकायची असेल तर नेमकं काय ऐकायचं आणि सुरुवात कुठून करायची? टॅब, म्हणजे कोणत्या तारेवर कितवा फ्रेट दाबायचा ते आकड्यांत लिहिलेलं असतं, ते बघून शिकलं तर चालतं का?

मी तीस-एक वर्षं साथीची गिटार वाजवतोय, शिकवतोही. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. रेकॉर्डवरच्या वादकाने कोणते स्वर वाजवले ते सगळेच शोधतात. तुम्ही त्याने कोणता स्वर सोडला आणि कुणासाठी सोडला, ते शोधा. ही सवय लागली की पुढचं शिक्षण रेकॉर्डच देतं.

उदाहरणासाठी तुमचा रोजचा ओपन जी घ्या. जाड तारेपासून बारीक तारेकडे, फ्रेटच्या आकड्यांत लिहिला तर ३-२-०-०-०-३ (० म्हणजे मोकळी तार). जी हा सा धरून स्वर म्हणा: सा, ग, प, सा, ग, सा. सहा तारांवर तीन षड्ज, दोन गंधार आणि एक पंचम. यातला पाचव्या तारेवरचा गंधार फार खाली, सहाव्या तारेवरच्या षड्जाला खेटून बसतो. एकटे वाजवत असाल तर तो कॉर्ड भरदार वाटतो. पण शेजारी बेस असेल, तबल्याचा डग्गा घुमत असेल, तर त्या खालच्या गंधाराने सगळं गढूळ होतं, कारण खालच्या सप्तकात जवळजवळचे स्वर कानाला वेगळे कळत नाहीत. आता मधल्या बोटाच्या कडेने पाचवी तार दाबून मुकी करा: ३-×-०-०-०-३ (× म्हणजे मुकी तार). कॉर्ड तोच आहे, पण गंधार आता एकच उरला आणि तोही वर, मोकळ्या जागेत. आज संध्याकाळी हे दोन्ही जी गाणाऱ्या मित्रासोबत आलटून पालटून वाजवा. व्हॉइसिंग म्हणजे काय, हे मला यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येत नाही.

आता कुणाला ऐकायचं ते सांगतो. माझ्या यादीत पहिलं नाव फ्रेडी ग्रीन. अमेरिकन पियानोवादक काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात ते १९३७ साली आले आणि १९८७ साली वारले तोवर तिथेच होते. पन्नास वर्षं एका बँडमध्ये, जवळजवळ एकही सोलो न घेता, मात्रेला एक याप्रमाणे बारमध्ये (चार मात्रांच्या एका आवर्तनात) चार ठोके. ॲम्प्लिफायर नाही, तारा फिंगरबोर्डपासून बऱ्याच उंच ठेवलेल्या. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा गिटार ऐकूच येत नाही असं वाटेल, ती ड्रमच्या आवाजात मुरलेली असते. हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐका. मग लक्षात येतं की सहा तारांचे कॉर्ड तिथे नाहीतच. दोन-तीन स्वर आहेत आणि पुष्कळदा त्यातलाही एकच नीट वाजतोय, बहुधा चौथ्या तारेवरचा.

असं का, याचं उत्तर त्यांच्या बोटांत सापडणार नाही, शेजारी कोण बसलंय त्यात सापडेल. तीसच्या दशकात त्या बँडमध्ये बेसवर वॉल्टर पेज होते, ते मात्रेमात्रेला मूळ स्वर आणि त्याच्या आसपासचे स्वर चालत वाजवायचे. ड्रमवर जो जोन्स, हाय-हॅटची, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीची, नाजूक चाळण. पियानोवर खुद्द बेसी, वरच्या सप्तकात मोजके चार स्वर टाकून थांबणारे. या सगळ्यांच्या वर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनचा ताफा. गिटारसाठी मध्ये एक चिंचोळी पट्टी उरली होती आणि ग्रीननी पन्नास वर्षं ती पट्टी सांभाळली. ते जे वाजवतात तो संपूर्ण कॉर्ड नव्हे, इतरांनी वाजवलेल्या कॉर्डातला उरलेला भाग आहे.

त्यांच्या वळणाची एक जोडणी, म्हणजे एकामागून एक येणारे तीन कॉर्ड, देतो. जी स्केल, सा म्हणजे जी. सहावी, चौथी आणि तिसरी तार एवढ्याच वाजवायच्या, बाकीच्या मुक्या.

ए मायनर सेव्हन: ५-×-५-५-×-×
डी सेव्हन: ५-×-४-५-×-×
जी सिक्स्थ: ३-×-२-४-×-×

आता गिटार बाजूला ठेवा आणि एकेका तारेवरचे स्वर ओळीने गा. चौथ्या तारेवर सा, नी, ध. तिसऱ्या तारेवर म, म, ग. सहाव्या तारेवर रे, रे, सा. तिन्ही ओळी खाली उतरतात, कुणी उडी मारत नाही. पहिल्या कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना तर एकच बोट एक फ्रेट सरकतं. आणि मधल्या कॉर्डकडे नीट बघा: त्याचं नाव डी सेव्हन, पण त्यात डी कुठेच नाही. तो सोडला आहे, कारण तो बेसवाला वाजवणार आहे. हाच तो सोडलेला स्वर.

आमच्याकडे येणाऱ्या मुलांना हे सरगममध्ये गायला लावतो तेव्हा काही जणांना नवल वाटतं, पाश्चात्त्य वाद्याला सरगम कशाला? मला यात आपल्याकडच्या मुलांचा मोठा फायदा दिसतो. पाचव्या वर्षापासून पेटीवर सारेगम घोटलेल्या मुलाला सा-नी-ध म्हटल्याबरोबर ती हालचाल गळ्यात येते. 'सातवा, मग तिसरा, मग सहावा' असं मोजत बसलात तर ते डोक्यात राहतं, गळ्यात उतरत नाही. आणि जे गाता येत नाही ते रेकॉर्डवर ऐकू येत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ. ब्राझीलचे जुआंव जिल्बेर्तो. जन्म १९३१, निधन २०१९. पन्नासच्या दशकाच्या शेवटी बोसा नोव्हा म्हणून जी संगीतशैली पुढे आली, तिच्यातली गिटार म्हणजे मुख्यतः यांचा उजवा हात. अंगठा बेसच्या तारेवर संथ, ठरावीक ठोके देतो, सांबातला मोठा सुर्दू ढोल वाजतो तसा. आणि तीन बोटं मिळून कॉर्ड उचलतात, ते मात्रेच्या आगे-मागे, तालाला चुकवत. १९७३ सालची त्यांची एक तबकडी आहे, त्यात जवळजवळ सगळीकडे त्यांचा आवाज, त्यांची गिटार आणि हलकंसं तालवाद्य, एवढंच आहे. साथ शिकणाऱ्याने ती ऐकावीच, कारण लपायला जागाच नाही. प्रत्येक स्वर मोजता येतो.

या पद्धतीची, तशाच चालीची जोडणी. आता सा म्हणजे सी.

डी मायनर नाइन्थ: ×-५-३-५-५-×
जी थर्टीन्थ: ३-×-३-४-५-×
सी सिक्स-नाइन: ×-३-२-२-३-×

पुन्हा तार धरून गा. चौथ्या तारेवर म, म, ग. तिसऱ्या तारेवर सा, नी, ध. ओळखीचं वाटतंय? ग्रीनच्या जोडणीतल्या त्याच दोन ओळी आहेत, फक्त तारांची अदलाबदल झाली. कॅन्सस सिटीत घडलेला बेसींचा स्विंगचा बँड आणि रिओतला एकटा गायक, दोघांच्या पोटात तीच दोन माणसं तोच जिना उतरतात. जिल्बेर्तोंच्या वळणात दुसऱ्या तारेवर ग, ग, रे ही आणखी एक ओळ वर चढली आणि त्या एका ओळीने सगळा रंग बदलला.

आता इथे कोणता स्वर सोडला ते शोधा. मूळ स्वर सोडलेला नाही, कारण बेसवाला नाही. अंगठ्याला तो वाजवावाच लागतो. सोडला आहे तो प्रत्येक कॉर्डचा स्वतःचा पंचम. डी मायनरमध्ये ए नाही, जीमध्ये डी नाही, सीमध्ये जी नाही. अंगठा आणि तीन बोटं मिळून चार जागा. मूळ स्वर हवा, कॉर्डचा स्वभाव सांगणारे दोन स्वर हवेत, एक रंगाचा हवा. पंचम तसाही मूळ स्वराच्या नादात घुमत असतोच, तो पहिला बाहेर जातो. हे एकदा कळलं की 'थर्टीन्थ' वगैरे नावांची भीती वाटेनाशी होते. चारच जागा आहेत आणि कुणाला बसवायचं ते ठरवायचं आहे.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. विशी ओलांडली होती, मेजर सेव्हन कॉर्डच्या प्रेमात होतो आणि जिथे जागा दिसेल तिथे ते पेरत होतो. एका भावगीतांच्या कार्यक्रमात गायिकाबाई प्रत्येक मुखड्याच्या शेवटी तार षड्जावर येऊन थांबायच्या आणि नेमक्या त्याच क्षणी मी सगळ्यात वर निषाद असलेला मेजर सेव्हन वाजवायचो. घरी एकटा वाजवताना तो कॉर्ड फार सुंदर वाटायचा. मध्यंतरात पेटीवाले काका जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अरे, त्या षड्जावर उभ्या आहेत आणि तू शेजारी निषाद घेऊन बसलायस. कसं ठरावं त्यांनी?" उत्तरार्धात मी निषादाच्या जागी धैवत घेतला, म्हणजे मेजर सेव्हनचा सिक्स्थ केला. बाईंचा षड्ज एकदम मोकळा झाला. मला तो फरक पाठीमागे बसूनही ऐकू आला. वर दिलेल्या दोन्ही जोडण्यांचा शेवट पुन्हा बघा. दोन्हीकडे शेवटच्या कॉर्डमध्ये ध आहे, नी नाही. वर कुणीतरी सा धरून थांबणार असेल तर ती जागा त्यांनी आधीच रिकामी ठेवली आहे. ग्रीनच्या जोडणीत ३-×-४-४-×-× करून मेजर सेव्हन वाजवून बघा आणि त्यावर सा गा. काकांचं म्हणणं पटेल.

आता ऐकायचं कसं, ते क्रमाने.

एक वादक, एक गाणं, त्यातले आठ बार. महिनाभर एवढंच. दहा वादक चाखून बघणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले, त्यांच्याकडे दहा नावं असतात आणि हातात काही नसतं. जॅझ गिटारिस्ट वेस मंटगमरी तरुणपणी चार्ली ख्रिश्चन या दुसऱ्या जॅझ गिटारिस्टचे सोलो रेकॉर्डवरून कानाने उतरवून जसेच्या तसे वाजवायचे, त्यांना सुरुवातीची कामं त्यावरच मिळाली. पुढे ते अजिबात चार्ली ख्रिश्चनसारखे वाजले नाहीत. आधी एकाचं घर आतून बघावं, मग आपलं बांधावं.

पहिले तीन-चार दिवस गिटार हातात घ्यायची नाही. आधी फक्त बेस ऐका आणि गा. मग गिटारच्या कॉर्डमधला सगळ्यात वरचा स्वर ऐका आणि गा. खालची आणि वरची ओळ वहीत सरगममध्ये लिहा. कॉर्डचा चेहरा या दोन ओळींत असतो. मधले स्वर बहुतेकदा त्यांच्यामागून तर्काने सापडतात. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गिटार पुष्कळदा एकाच बाजूला ठेवलेली असते, तेव्हा हेडफोनचा एक कान काढून बघा. वेग कमी करणारी ॲप आता फुकट मिळतात, ती जरूर वापरा. आमच्या वेळी जुन्या रेकॉर्ड-प्लेयरवर सोळाचा वेग असायचा. एलपीचा वेग तेहेतीस, त्यामुळे सोळावर लावली की गाणं बरोबर निम्म्या वेगाने आणि एक सप्तक खाली वाजायचं, स्केल तेच राहायचं. गायकाचा आवाज भयाण लागायचा, पण कॉर्ड उलगडायचे.

मग स्वर कोणत्या तारेवर आहे ते शोधायचं. पहिली तार मोकळी सोडली की जो ई वाजतो, तोच ई दुसऱ्या तारेवर पाचव्या, तिसऱ्या तारेवर नवव्या आणि चौथ्या तारेवर चौदाव्या फ्रेटला मिळतो. उंची तीच, पण पहिल्या तारेवर तो लखलखीत, चौथ्यावर जाड आणि मऊ. हे चार ई रोज पाच मिनिटं वाजवून कानात बसवा. काही आठवड्यांत रेकॉर्ड ऐकताना हात गिटारच्या कुठल्या भागात आहे याचा अंदाज यायला लागतो. एखादा स्वर कॉर्ड बदलतानाही घुमत राहिला तर बहुधा मोकळी तार आहे. गुंडाळीच्या तारेवर बोट सरकल्याचा चीत्कार ऐकू आला तर तोही पुरावाच.

इथे एक इशारा. स्वर बरोबर सापडले आणि हात मात्र अशक्य ठिकाणी जातोय असं झालं, तर दोष तुमच्या बोटांना देऊ नका, आधी ट्यूनिंग तपासा. अमेरिकन सोल गायक-गिटारिस्ट कर्टिस मेफील्ड स्वतः शिकले आणि त्यांनी गिटार पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर लावली, सगळ्या मोकळ्या तारा एफ शार्प मेजरमध्ये. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडमधल्या कीथ रिचर्ड्स यांची पुष्कळ गाणी ओपन जीमध्ये आहेत आणि सहावी तार त्यांनी काढूनच टाकलेली असते. गायिका-गीतकार जोनी मिचेल यांना लहानपणी पोलिओ झाला, डावा हात अशक्त राहिला, म्हणून त्यांनी तारा वेगवेगळ्या लावून थोड्या बोटांत हवे ते कॉर्ड मिळवले. जॅझ गिटारिस्ट जँगो राइनहार्ट यांची डाव्या हाताची दोन बोटं १९२८ सालच्या आगीत जायबंदी झाली. त्यांच्या कॉर्डचे आकार त्या हाताचे आहेत. आकार जसाच्या तसा उचलला तर तुम्ही त्यांच्या हाताची अडचण उचलाल. उचलायचा तो आवाज, मग तो आपल्या हाताला बसवायचा.

सापडलेला कॉर्ड फ्रेटच्या आकड्यांत लिहून थांबू नका. वहीत त्याच्यापुढे तीन गोष्टी लिहा: वरचा स्वर कोणता, बेसला कोण आहे, सोडला कोणता. त्यानंतर तीच जोडणी आणखी दोन स्केलमध्ये वाजवा आणि त्याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या एखाद्या गाण्यात वापरा. वापरलं नाही तर पंधरा दिवसांत विसराल, मी स्वतः अशा कितीतरी जोडण्या विसरलो आहे.

आपल्या गाण्यांत वापरताना मात्र रागाकडे लक्ष हवं, आणि इथे मी जरा थांबून बोलणार आहे, कारण हे बाहेरचे वादक ऐकून कळत नाही. समजा यमनच्या अंगाचं भावगीत आहे, सा म्हणजे सी. वेबवर मिळणाऱ्या कॉर्डमध्ये षड्जावर परतण्याआधी हमखास जी सेव्हन लिहिलेला असतो. जी सेव्हनचे स्वर प, नी, रे आणि शुद्ध म. ज्या रागाचा जीवच तीव्र मध्यमात आहे तिथे तुम्ही शुद्ध मध्यम ठोकताय! ऐकणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण गाणं उतरल्यासारखं वाटेल. सातवा सोडा, नुसता जी वाजवा. किंवा जी मेजर सेव्हन घ्या, त्यात तीव्र मध्यमच आहे. किंवा बेसला षड्ज धरून वर डी मेजर ठेवा, ×-३-०-२-३-२. स्वर येतात सा, रे, ध, रे आणि तीव्र म, आणि अख्खा यमन त्यात उभा राहतो. काही वेळा तर गंधारही सोडून नुसते सा आणि प वाजवणं सगळ्यात शहाणपणाचं, तानपुऱ्यासारखं, कारण गायक त्या गंधाराला कुठे लावणार आहे ते त्याचं त्याला ठरवू द्यावं.

हे आपल्याकडच्या कुणाकडून शिकायचं? हिंदी-मराठी चित्रपटसंगीताच्या अरेंजरांकडून. गोव्यातून आलेले सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, आपले अनिल मोहिले, या मंडळींनी रागातल्या चालींभोवती व्हायोलिनचा ताफा, बासरी, गिटार, ताल असं सगळं बसवलं. अँथनी गोन्साल्विस मूळचे माजोर्ड्याचे. १९५८ साली त्यांनी मुंबईत भारतीय रागांवरच्या रचना वाजवणारा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. राहुलदेव बर्मन यांच्याकडच्या ऱ्हिदममधली भानू गुप्तांची गिटार वेगळी काढून ऐका. ही गाणी ऐकताना गिटार काय करते यापेक्षा कधी थांबते ते टिपा.

त्यासाठी वहीत एक नकाशा काढतात. आडव्या ओळीत गाण्याचे भाग: सुरुवातीचं म्युझिक, मुखडा, पहिला इंटरल्यूड, अंतरा, पुन्हा मुखडा. उभ्या बाजूला खालपासून वर: बेस, डग्गा-ढोलकाचा घुमारा, गिटार, गाणाऱ्याचा आवाज, व्हायोलिन-बासरी. प्रत्येक चौकटीत लिहा, हा वाजतोय का, कुठल्या सप्तकात, आवाज लांब की तुटक. एक गाणं असं भरायला मला आजही दीड-दोन तास लागतात. दोन-तीन गाणी झाली की एक गोष्ट डोळ्यांना दिसते: गायकाचा आवाज ज्या सप्तकात असतो तिथे दुसरं कुणी फारसं नसतं. गायक श्वास घ्यायला थांबला की तिथे कुणीतरी दोन स्वर भरतो, आणि तो गाऊ लागायच्या आत बाहेर पडतो. गिटार मुखड्यात सुटे स्वर छेडत असेल तर अंतऱ्यात बऱ्याचदा तुटक कॉर्ड येतात, किंवा उलट.

एकच गिटार हाताशी असताना हा चढउतार कसा करायचा, ते वेस मंटगमरींच्या सोलोच्या बांधणीत ऐका. आधी एकेरी स्वर, मग तीच कल्पना दोन सप्तकांत एकदम, मग अख्ख्या कॉर्डमध्ये. तीन मजले. साथीतही हे जमतं: पहिला मुखडा बेस आणि एक स्वर, दुसऱ्यांदा तीन तारा, शेवटी सहा. मी शिकवतो त्यातली बहुतेक मुलं पहिल्याच ओळीला सहाही तारा खर्च करतात आणि मग पुढे हात जोरात मारण्याखेरीज काही उरत नाही.

दोन गिटार असतील तर कृपा करून दोघांनी तोच ओपन जी वाजवू नका. एकाने खाली जी, सी, डी वाजवावं. दुसऱ्याने पाचव्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटला दाबून धरणारा चिमटा) लावून डी, जी, ए चे आकार धरावेत. नावाने कॉर्ड तेच येतात, पण एक खाली भरतो आणि दुसरा वर चमकतो. गायकाचा सूर काळी एक असेल, म्हणजे सी शार्प, तर पहिल्या फ्रेटला कॅपो आणि सी चे आकार ही एक जागा, चौथ्या फ्रेटला कॅपो आणि ए चे आकार ही दुसरी. दोन्ही वाजवून बघा आणि गायकाच्या आवाजाच्या वर कोणती बसते ते त्यालाच विचारा.

टॅबबद्दल विचारलंत. टॅबला माझा विरोध नाही, क्रमाबद्दल आग्रह आहे. आधी कानाने, अर्धवट का होईना, स्वतः उतरवा. वीस स्वरांतले बारा चुकले तरी चालतील. मग टॅब उघडा, किंवा वादकाचा व्हिडिओ मिळत असेल तर तो बघा, आणि कुठे चुकलात ते वहीत लाल शाईने लिहा. त्या लाल खुणा जपून ठेवा. माझ्या सुरुवातीच्या वह्यांमध्ये सगळ्यात जास्त लाल शाई मधल्या तारांवर आहे, वरचा आणि खालचा स्वर बहुधा बरोबर असायचा. तुमच्या खुणा कदाचित बेसला असतील, कदाचित मोकळ्या तारांना. जिथे लाल जास्त, पुढचा महिना तेवढंच ऐकायचं. आणि टॅबवरही डोळे मिटून विश्वास टाकू नका. आकडे उतरवणाराही कानानेच उतरवतो, आणि सोडलेला स्वर त्याला सहन न होऊन त्याने भरून टाकलेला असतो, हे मी अनेकदा पाहिलंय. डी नसलेल्या डी सेव्हनवर कुणीतरी मोकळी डी ची तार लिहून ठेवलेली दिसली, की रेकॉर्ड पुन्हा लावा.